चरबीतली धग, मूत्रपिंडाला झळ

'डॉक्टरसाहेब, प्रतिकारशक्ती वाढवायला काहीतरी लिहून द्या.' करोनाची साथ सरून वर्षे लोटली, पण ही मागणी काही सरलेली नाही. आठवड्यातून चार-पाचदा तरी ती कानावर येते. गंमत म्हणजे मागणाऱ्यांत अशक्त, वरचेवर आजारी पडणारी माणसे थोडी. बहुतेक जण खात्यापित्या घरचे, पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असलेले आणि शर्टाची मधली बटणे ताणलेले. कुणाचे कापडाचे दुकान, कुणाची बागायत, कुणी शाळेत मुख्याध्यापक. बायका येतात त्याही अशाच, गुडघे धरून जिना चढणाऱ्या. त्यांना मी म्हणतो, 'अहो, तुमच्या पोटातल्या प्रतिकारक पेशी आधीच नको तितक्या चवताळलेल्या आहेत. त्यांना आणखी कशाला डिवचता?' मंडळी हसतात. डॉक्टरांनी आपल्या पोटावर विनोद केला असे त्यांना वाटते.

हा विनोद नाही, हेच आज सांगायचे आहे. लठ्ठपणात शरीराचे हे राखणदार चरबीत ठाण मांडून बसतात, तिथे कायमची धग पेटती ठेवतात आणि तिची झळ पुढे मूत्रपिंडाला, म्हणजे आपल्या बोलीतल्या किडनीला, लागते. ही झळ लघवीच्या एका साध्या तपासणीत फार लवकर कळते. आपल्याकडे मधुमेही सोडले तर ती तपासणी सहसा कुणी करत नाही आणि बरेचसे मधुमेहीही टाळतात. ज्याचे पोट सुटले आहे त्याने साखर नसली तरी ती वर्षातून एकदा करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

चरबीकडे आपण कोठीघर म्हणून पाहतो. जास्तीचे आले की साठवायचे, उपास पडला की काढायचे. आम्ही एमबीबीएसला होतो तेव्हा पुस्तकेही साधारण हेच सांगत. चित्र बदलू लागले ते १९९३ साली. बोस्टनच्या गोखन होतामिश्लिगिल, ब्रूस स्पीगेलमन आणि सहकाऱ्यांना लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ नावाचे रसायन सापडले. जंतूंशी लढाई चालू असताना पांढऱ्या पेशी जी रसायने सोडतात त्यांतले हे एक. जिथे जंतू नाहीत, जखम नाही, तिथे ते कशाला आले आणि इन्सुलिनच्या कामात त्याने खोडा का घातला, असा प्रश्न उभा राहिला. दहा वर्षांनी, २००३ मध्ये, अमेरिकेतल्याच दोन गटांनी त्यावर प्रकाश टाकला. सडपातळ शरीराच्या चरबीतल्या पेशी मोजल्या तर त्यांत १० टक्क्यांहून कमी पेशी मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, असतात. अतिलठ्ठ माणसाच्या चरबीत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या जवळ जाते. म्हणजे पोटावरचा तो मऊ थर नुसता तुपाचा डबा नसून पहारेकऱ्यांनी गजबजलेली छावणी असते.

भक्षक पेशींची ओळख तशी जुनी. एली मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ साली इटलीतल्या मेसिना गावी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींचे कोंडाळे जमलेले. या कामाबद्दल त्याला १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आपल्या पायात बाभळीचा काटा मोडला की हेच घडते. जागा लाल होते, सुजते, ठणकते. काटा निघाला की ठणका थांबतो आणि जमलेल्या पेशी पांगतात.

चरबीत मात्र काटा निघतच नाही. तेलाने तट्ट फुगलेल्या चरबीच्या पेशीला पुरेसा प्राणवायू मिळत नाही, ती गुदमरते आणि मरते. मेलेली पेशी उचलायला भक्षक पेशी येतात आणि तिच्याभोवती कडे करून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे कडे एखाद्या मुकुटासारखे दिसते. एक मृत पेशी उचलेपर्यंत शेजारची दुसरी फुगलेली असते, कारण रोजचा वडापाव, शेव आणि चार कप गोड चहा थांबलेला नसतो. त्यामुळे आलेल्या पेशी परत जात नाहीत, उलट रसायने सोडून आणखी कुमक मागवतात. सडपातळ शरीराच्या चरबीत भांडण मिटवणाऱ्याही काही पांढऱ्या पेशी असतात. लठ्ठ उंदरांच्या पोटातल्या चरबीत त्याच नेमक्या घटतात, हे २००९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवून दिले.

या दाहाने ताप येत नाही, काही दुखत नाही. राखेखाली निखारा असावा तसा तो धुमसत राहतो. म्हणून तर 'मला काहीच त्रास नाही' असे माणूस शपथेवर सांगतो, आणि ते खोटेही नसते.

आता मूत्रपिंडाकडे येऊ. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे दीड-दीडशे ग्रॅमचे हे दोन अवयव. प्रत्येकात साधारण १० लाख गाळण्या. दोघे मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी रक्तातून गाळतात, त्यातले जवळजवळ सगळे परत घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. या गाळण्या जन्मतःच ठरलेल्या. पुढे एकही नवी होत नाही.

लठ्ठपणात या गाळण्यांवर दोन बाजूंनी संकट येते. पहिले दाबाचे. शरीर वाढले की गाळायचे कामही वाढते, पण गाळण्या तेवढ्याच. मग प्रत्येक गाळणी ताणून, फुगून जास्त काम करू लागते. गाळणीच्या केशवाहिन्यांना बाहेरून बोटांसारखे विळखे घालून बसलेल्या काही नाजूक पेशी असतात, त्या मात्र वाढत नाहीत आणि गेल्या तर सहजी भरून येत नाहीत. लहान मुलाचा सदरा मोठ्या माणसाने घालावा तशी अवस्था होते. शिवणी उसवतात आणि एरवी रक्तातच राहणारे अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागते.

दुसरे संकट या धगीचे. चरबीतून निघालेली रसायने रक्तातून मूत्रपिंडापर्यंत पोचतात. शिवाय जागा संपलेली चरबी यकृताप्रमाणे मूत्रपिंडाच्या पेशींतही जाऊन बसते. त्रासलेल्या या पेशी मग मदतीला हाका मारतात. एमसीपी-१ नावाचे रसायन हे त्यांतले मुख्य बोलावणे. ते ऐकून भक्षक पेशी मूत्रपिंडात शिरतात. आधी साफसफाई करतात. ती संपत नाही म्हणून त्यांतल्या काही डागडुजीच्या मागे लागतात, आणि डागडुजी म्हणजे व्रण. भाजलेल्या जागी कातडी जशी निबर होते तसे निबर धागे गाळण्यांच्या मध्ये भरतात. त्यात भर म्हणजे गळणारे अल्ब्युमिन स्वतःच पुढच्या नळ्यांना चिडवते आणि नव्या पेशींना आवतण देते. एकदा हे रहाटगाडगे फिरू लागले की वजन, दाब, गळती आणि दाह यांतले कोण पुढे आणि कोण मागे, हे सांगणे अवघड होऊन बसते.

प्रामाणिकपणे एक नोंद करायला हवी. प्रतिकारक पेशींची ही हकीकत बरीचशी उंदरांवरून कळलेली आहे. माणसाच्या मूत्रपिंडाचा तुकडा तपासला तर फुगलेल्या गाळण्या आणि व्रण ठळक दिसतात, पेशींची गर्दी तितकी दिसत नाही. पण २००६ मध्ये चीनमधील नानजिंगच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या गाळण्यांतली जनुके तपासली, तेव्हा दाह पेटवणारी जनुके जोरात चालू असल्याचे आढळले. दाबाचा वाटा किती आणि दाहाचा किती, यावर वाद घालणारे घालोत. दोघांचे मूळ एकाच पोटात आहे, एवढे मला माझ्या कामापुरते पुरते.

हा आजार नवा आहे असेही नाही. अतिलठ्ठ रुग्णांच्या लघवीतून प्रथिने वाहून जातात, अशी चार रुग्णांची हकीकत १९७४ मध्येच छापून आली होती. तेव्हा तो दुर्मिळ चमत्कार वाटला. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डॉक्टरांनी आपल्याकडच्या ६,८१८ मूत्रपिंड-तुकड्यांचा हिशेब मांडला. १९८६ ते १९९० या काळात लठ्ठपणाने झालेला हा आजार ०.२ टक्के तुकड्यांत होता, तो १९९६ ते २००० या काळात २ टक्क्यांवर गेला. दहा-पंधरा वर्षांत दहापट! त्या काळात तिथे माणसे किती झपाट्याने जाड होत गेली ते सर्वांना माहीत आहे. आज आपल्या तालुक्याच्या बसस्टँडवर तासभर उभे राहून माणसे न्याहाळली, तर आपण कुठवर आलो ते समजेल.

'मी कुठे एवढा जाड आहे?' असे इथे काही वाचक म्हणतील. त्यांच्यासाठी पुण्याचा दाखला देतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या प्रसिद्ध नियतकालिकात आले होते. उंचीच्या मानाने वजन काढण्याचा आकडा, ज्याला बीएमआय म्हणतात, दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. आपण भारतीय वरून बेताचे दिसतो आणि आतून मेदाळ असतो. म्हणून वजनकाट्यावर फार विसंबू नका, शिंप्याची टेप घ्या. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांची ८० च्या वर असेल तर ती जास्त समजावी. टेप बेंबीच्या रेषेत धरायची, पट्ट्याच्या रेषेत नव्हे. आपल्याकडचे बरेच पुरुष पट्टा ढेरीच्या खाली बांधतात आणि 'माझी कंबर चौतीसच आहे' म्हणून सांगतात. आणखी एक भर. जन्माच्या वेळी जे बाळ कमी वजनाचे असते, त्याच्या मूत्रपिंडात गाळण्याही कमी असतात. दुष्काळात, ओढग्रस्तीत जन्मलेली आणि पुढे सुस्थितीत येऊन जाड झालेली पिढी आपल्या जिल्ह्यात काही थोडी नाही.

एक गृहस्थ आठवतात. वय ५४, वजन ९६, साखर नाही, रक्तदाब किंचित वर. दरवर्षी एका शिबिरात रक्त तपासून घेत आणि क्रिएटिनिन ठीक आहे म्हणून निश्चिंत राहत. गुडघे दुखायचे म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेत. लघवीला फेस येतो हे बायकोने दोनदा बोलून दाखवले होते, ते त्यांनी 'उष्णता झाली' म्हणून सब्जाच्या पाण्यावर भागवले. पाय सुजल्यावर पहिल्यांदा माझ्याकडे आले, तेव्हा गळती भरपूर होती आणि मूत्रपिंड अर्ध्याहून अधिक गेलेले होते. आज ते आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसच्या खुर्चीत चार-चार तास बसतात. सरकारी योजनेमुळे पैसे वाचतात. पण मुलाची नोकरी गेली, कारण तीन दिवस वडिलांना नेणार कोण?

त्यांचे क्रिएटिनिन इतकी वर्षे 'ठीक' कसे होते? तर क्रिएटिनिन हा उशिरा बोलणारा साक्षीदार आहे. साधारण निम्मे काम बिघडेपर्यंत तो तोंड उघडत नाही. त्यातून लठ्ठपणाच्या सुरुवातीला गाळण्या जादा काम करत असल्याने हा आकडा उलट छान दिसतो. लघवीतले अल्ब्युमिन मात्र आधी बोलते. तरीही चाळीस-पन्नास तपासण्यांची चकचकीत पॅकेजेस विकली जातात, त्यांत जीवनसत्त्वांपासून थायरॉइडपर्यंत सगळे असते आणि ही एक तपासणी बहुधा नसते. आमच्या व्यवसायातही रक्ताचा रिपोर्ट मोठा आणि लघवीचा किरकोळ, अशी समजूत आहे. ती बदलावी असे मला मनापासून वाटते.

दाह म्हटला की दुसरा प्रश्न ठरलेला. 'मग दाह कमी करणारी गोळी घेतली तर?' कृपा करून असे करू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात. आधीच ताणलेल्या गाळण्यांवर तो दुसरा घाव. जाड माणसाचे गुडघे दुखतात, म्हणून तो गोळ्या घेतो आणि मूत्रपिंड गमावून बसतो, ही साखळी मी अनेकदा पाहिली आहे. दाहाच्या एकाच रसायनाला नेमके रोखणारे इंजेक्शनही वापरून पाहिले गेले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांचा तो प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. झटके काही प्रमाणात कमी झाले, पण जंतुसंसर्गाने दगावण्याचे प्रमाण वाढले. पहारेकऱ्यांचे हात बांधले की चोर घुसणारच. म्हणून या पेशी मारणे हा उपाय नव्हे, तसेच त्यांना खुराक देणे हाही नव्हे. करोनाच्या दिवसांत गुळवेलीचा काढा घराघरांत उकळत होता. तो घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृतावर स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने हल्ला केल्याची नोंद २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी केली. आयुष मंत्रालयाने हे मानले नाही, दुसरीच एखादी दिसायला तशीच वेल वापरली गेली असेल असे म्हटले. वाद राहू द्या. प्रतिकारशक्ती ही टाकीतल्या पाण्यासारखी जितकी जास्त तितकी चांगली, ही कल्पनाच मुळात चुकीची आहे, एवढे ध्यानात घ्यावे.

काटा काढायचा तर चरबी उतरवायची, आणि इथे एक दिलासा देणारी गोष्ट आहे. त्यासाठी हडकुळे व्हावे लागत नाही. २००३ मध्ये स्पेनमधील माद्रिदच्या डॉक्टरांनी लघवीतून प्रथिने जाणाऱ्या ३० जाड रुग्णांवर साधा प्रयोग केला. काहींना कमी उष्मांकाचा आहार दिला, काहींना नेहमीचा. पाच महिन्यांत आहारवाल्यांचे वजन सरासरी अवघे ४ टक्के उतरले, पण प्रथिनांची गळती सुमारे ३१ टक्के घटली. म्हणजे ८५ किलोच्या माणसाने साडेतीन किलो उतरवले तरी फरक पडतो. साडेतीन किलो हे काही हिमालय चढण्यासारखे काम नाही. रात्रीचे जेवण उशिरा आणि भरपेट करण्याची सवय मोडली, चहातली साखर आणि संध्याकाळचे फरसाण गेले, मीठ-लोणचे-पापड कमी झाले आणि रोज पाऊण तास दम लागेल इतपत चालणे झाले, तर पाच-सहा महिन्यांत ते होते. शेतावर जायला शंभर पावलांसाठी मोटारसायकल काढणाऱ्यांना हे मुद्दाम सांगतो.

औषधेही आता चांगली आहेत. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्या जुन्या गोळ्या गाळणीतला दाब उतरवतात. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्या साखरेसाठी निघाल्या, पण साखर नसलेल्यांच्या मूत्रपिंडालाही त्या आधार देतात, हे २०२० मध्ये सिद्ध झाले, आणि त्या आता स्वस्तही झाल्या आहेत. सेमाग्लुटाइड या इंजेक्शनची सध्या फार चर्चा आहे. मधुमेह आणि मूत्रपिंडविकार दोन्ही असलेल्या ३,५३३ रुग्णांत त्याने मूत्रपिंडाच्या गंभीर घटना आणि मूत्रपिंड किंवा हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून २४ टक्क्यांनी कमी केले, असे २०२४ मध्ये दिसले. साखर नसलेल्या १०१ लठ्ठ मूत्रपिंड-रुग्णांत अल्ब्युमिनची गळती निम्म्यावर आली. औषध गुणी आहे, हे मान्य. पण लग्नात शेरवानी बसावी म्हणून ते मागायला येणाऱ्यांना मी परत पाठवतो. ते थांबवले की वजन बहुधा परत येते, आणि चरबीबरोबर स्नायूही झडतात.

राहिली तपासणी. तिला लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण म्हणतात, लॅबवाले नुसते 'एसीआर' म्हणतात. दोघांच्या हॉटेलातल्या जेवणाइतकाही खर्च येत नाही. लघवीत पट्टी बुडवून करतात ती नेहमीची तपासणी इथे पुरत नाही, कारण गळती बरीच वाढल्याशिवाय तिचा रंग बदलत नाही. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी द्यावी. अंगात ताप असताना, लघवीला जळजळ होत असताना, पाळीच्या दिवसांत किंवा आदल्या दिवशी अंगमेहनत फार झाली असल्यास देऊ नये, आकडा उगाच वाढतो. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत अल्ब्युमिन असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा. वर असेल तर घाबरून न जाता तीन महिन्यांच्या आत आणखी दोनदा करावी. तीनपैकी दोनदा वाढलेले आले, तर रिपोर्ट आणि घरातल्या सगळ्या गोळ्या, काढे, पावडरींचे डबे पिशवीत घालून आपल्या डॉक्टरांकडे जावे. आपल्या गावच्या लॅबमध्ये सोय नसली तर नमुना जिल्ह्याच्या गावी पाठवतात. त्यासाठी तो सकाळी नऊच्या आत दिलेला बरा, म्हणजे त्याच दिवशीच्या गाडीने जातो.